सात वेढ्यांचं बटण

आमच्या टेलरमास्तरांना बायकोची घटस्फोटाची नोटीस आली, तेव्हा तिची झेरॉक्स मीच काढली. माझं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, आणि दोन्ही दुकानं कोर्टासमोर. काढता काढता मी ती वाचलीही, खोटं कशाला बोलू? वहिनींनी मारझोड, व्यसन असलं काही लिहिलं नव्हतं. बावीस वर्षं दुकानात बसून काज-बटण केलं, आणि गिऱ्हाइकानं "या कोण?" विचारलं की नवरा दर वेळी "काज-बटणवाली" एवढंच सांगतो, असं लिहिलं होतं.

यात आपलं काय चुकलं, ते मास्तरांना कळेना. मग मी खोटं सांगायचं होतं का, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. वहिनी बहिणीकडे गेल्यापासून माणूस दोन घास नीट जेवत नव्हता, पण वाकेल तर शपथ. बायको परत हवी होती आणि त्यासाठी, चूक कबूल करणं सोडून, काहीही करायची तयारी होती. म्हणून त्यांनी वकील शोधायला घेतला.

लोक वकिलाचा अनुभव विचारतात, ओळखी काढतात. मास्तर दुकानाच्या दारात उभं राहून काळे कोट बघायचे. गावभर नाव असलेला वकील त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला, कारण त्याच्या कोटाचं कोपर कोरं करकरीत. टेबलाशी बसून वाचणाऱ्याचं कोपर झिजतं, हा नुसता फिरतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचा उजवा खिसा उसवलेला. सतत हात खिशात, म्हणजे स्वतःवरच भरवसा नाही. तिसऱ्याच्या कोटाचे खांदे कापसानं इतके भरलेले, की आत माणूस किती ते सांगता येईना. असा आठवडा गेला. मी म्हटलं, अहो, वकील निवडताय की कापड? त्यांनी माझ्याकडे, झेरॉक्सवाल्याला काय कळतंय, अशा नजरेनं बघितलं.

आठव्या दिवशी एक वकीलबाई मनात भरल्या. कोपर झिजलेलं, बाह्यांच्या कडा दुमडून पुन्हा शिवलेल्या. पण मास्तर खरे भुलले ते बटणांवर. बाई बोलताना कोटाची पुढची बाजू मुठीत धरून ओढायच्या, तरी एकही बटण जागचं हलत नव्हतं.

"हिचं बटण सुटत नाही, ही माझा संसार काय सुटू देते?" मास्तर म्हणाले.

बटण लावणं हे काम आहे असं ज्यानं बावीस वर्षांत कधी मानलं नाही, त्याच्या तोंडून हे ऐकून मला हसू आवरेना.

संध्याकाळी धीराला म्हणून मला घेऊन ते बाईंच्या ऑफिसात गेले. अरुंद खोली, फायलींचे ढीग, आणि टेबलावर घडी करून ठेवलेला तोच कोट. बाईंनी नाव विचारलं. मास्तरांचं लक्षच नव्हतं. त्यांनी सवयीनं कोट जवळ ओढला, एक बटण कलतं केलं आणि त्याखालचे दोऱ्याचे वेढे नखानं मोजले. सात भरले. दुकानात याच वेढ्यांवरून ते दिवसभर ओरडायचे, की तिनात भागतं, सात कशाला, वेळ फुकट जातो. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि सातच द्यायच्या.

मास्तरांनी दुसरं बटण कलतं करून मोजलं, तिथेही सात. बाईंना वाटलं, कारागीर माणूस काम बघून खूश झाला. "परवाच एकीनं लावून दिलीत. ओळखलंत का कुणाचं काम ते?"

मास्तरांचे डोळे भरून आले होते. आता तोच जुना शब्द येणार, म्हणून मी धास्तावलो.

"माझ्या बायकोचं," ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची केस मला घेता येणार नाही. नोटीस दुसऱ्या वकिलांनी पाठवली, पण त्यांची केस परवापासून माझ्याकडे आहे." मग म्हणाल्या, "पण हे आत्ता जे म्हणालात, ते त्यांना एकदा सांगून बघा."

जिना उतरून खाली आल्यावर मास्तरांनी चाचरत विचारलं, मेहुणीच्या घरी त्यांनी मलाही सोबत नेलं तर बरं दिसेल का.

मी म्हटलं, "मास्तर, तिथे झेरॉक्स चालत नाही. ओरिजिनलच जाऊ दे."