तोच मंगळ

हे मी ह्यांच्याही कानावर कधी घातलं नाही, मग पोरांची काय कथा. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही. परवा नातवंडं टीव्हीवर एक मालिका बघत होती. जुन्या, गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरची. मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरतात ती. एक म्हणे, यंत्रं किती खोटी दिसतात! दुसरी उशी पोटाशी घट्ट धरून बसलेली. तेवढ्यात माझा थोरला मुलगा म्हणाला, "आमच्या आजीने हेच रेडिओवर ऐकलं आणि खरंच समजून घाबरली होती. नाही का गं आई?" सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरात ही गोष्ट अशी हसतहसतच सांगतात — आणि ती अर्धीच आहे.

पंचावन्न-छप्पन सालातली गोष्ट. तेव्हा आमचं तळवडे म्हणजे बाजरी, भुईमूग आणि नदीकाठची वांगी. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता, आणि त्यात नोकरीला लागलेल्या महाळुंग्याच्या एका मुलाचं स्थळ तारीला सांगून आलं. तारी माझी चुलत बहीण, एकाच घरात वाढलेली. मुलगा एकुलता एक, वडील नव्हते. मुलगी बघायला सायकलवर आला होता. मी पाणी दिलं तेव्हा तांब्या घेताना मान वर करून माझ्याकडे — हो, माझ्याकडे — बघून हसला. एवढंच. एवढ्यावर एखादीने मनात काय काय रचावं? मी रचलं. आणि सुपारी फुटायची वेळ जवळ आली तशी तारी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

तारीला मंगळ होता. भटजींनी ती जन्मली तेव्हाच सांगितलं होतं, आणि काकूने ते पोटात ठेवलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तेव्हा अशी कितीतरी लग्नं नुसत्या बोलाचालीवर ठरायची. मला मात्र माहीत होतं.

बोलणी करायला मुलाची आई आमच्याकडे मुक्कामाला आली. संध्याकाळी चावडीवर सरकारी रेडिओ लागायचा, सारं गाव जमायचं. ती हातपाय धुऊन, चहा घेऊन बायकांत येऊन बसेपर्यंत निवेदकाचं सांगून झालं होतं — हे नाटक आहे, परदेशी कादंबरीवरून केलेलं. मी ते ऐकलं होतं. सातवी पास होते मी. बातमी कुठली आणि नाटक कुठलं, एवढं मला चांगलं कळत होतं.

मग खरखर झाली, काहीतरी कोसळलं, आणि एक माणूस धापा टाकत सांगायला लागला — मंगळावरून आलेत, गावंच्या गावं जळताहेत! म्हाताऱ्या बबननानांनी टोपी काढून हात जोडले. "आरं, नाटक हाय त्ये," कुणीतरी म्हणालं, तर दुसरा त्याच्यावरच खेकसला, "सरकारचा रेडू खोटं बोलंल व्हय?" बायकांनी पोरं पदराखाली ओढली. एक जण गोठ्याकडे पळाला.

मुलाच्या आईने माझं मनगट धरलं. "पोरी, तू शिकल्याली हायेस. कुटनं आलंय म्हनत्यात ह्ये?"

काय सांगायचं होतं मी? नाटक आहे, एवढंच ना? तारी पलीकडेच बसली होती, रेडिओकडे तोंड करून. मी म्हातारीच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मंगळावरनं, आत्याबाई. त्योच मंगळ — आमच्या तारीला हाय त्यो."

त्यात खोटं काय होतं? पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले. पण मी आवाज मुद्दाम घाबरल्यासारखा काढला होता, अगदी साळसूद. आणि तो काढताना मला मजा वाटली होती — वाटली होती, कशाला लपवू? तिने माझं मनगट सोडलं, आणि बसल्या जागी तारीपासून लांब सरकली. रेडिओवर माणसं मरत होती, आणि तिला दिसत होता तिचा एकुलता एक मुलगा.

सकाळी ती चहा न घेताच निघाली. जाताना काकूला एवढंच म्हणाली की मंगळाची पोर आम्हांला चालायची नाही. पुढे नाटकाचा उरलेला भाग लागला तेव्हा गाव आपल्याच भित्रेपणाला पोट धरून हसलं, बबननानांची तर किती दिवस टिंगल चालली. पण नाटक खोटं ठरलं म्हणून तारीचा मंगळ कुठे खोटा ठरणार होता? तिला घाटाखाली एका बिजवराला दिली, दोन पोरं पदरात असलेल्या. आणि पुढच्या वर्षी महाळुंग्याहून पुन्हा विचारणा आली — माझ्यासाठी. मी नाही म्हटलं का? मी बोहल्यावर चढले.

हे स्वभावाने फार चांगले होते. आईच्या त्या भीतीची गोष्ट रंगवून रंगवून सांगायचे, आणि मी शेजारी बसून हसायचे.

अजून एक राहिलंय. तेच सांगायला जीभ वळत नाही.

तारीला मंगळ आहे, हे मला घरातल्या मोठ्यांकडून कळलं नव्हतं. तारीनेच सांगितलं होतं, भुईमूग काढताना, रडत रडत. पाहुणी निघून गेली त्या सकाळी काकू तिला मारत सुटली. "कुनापाशी बोललीस? सांग, कुनाला सांगितलंस?" मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. तारीने हात आडवा धरला नाही. मार खाता खाता ती माझ्याकडे बघत होती, आणि दर तडाख्याला एकच म्हणत होती — "कुनालाच न्हाई, आये. कुनालाच न्हाई."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली.