मांजराचा पाय आणि माझं खोटं

आमच्या घराण्यातली पहिली मोटार मी घेतली. सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून मी कुकटपल्लीच्या एका नव्या खासगी कंपनीत गेलो होतो. त्या वर्षांत अशा कंपन्या सारख्या निघत होत्या आणि आमच्यासारख्यांच्या घरांसमोर मोटारी उभ्या राहू लागल्या होत्या. गाडी आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तारनाक्याच्या आमच्या गल्लीत मी ती मागे घेत होतो. मागे बघायचं सोडून मी वरच्या बाल्कन्यांकडे बघत होतो, आपल्याला कोण कोण बघतंय म्हणून. वर कुणीच नव्हतं. तेवढ्यात मागच्या चाकाखालून किंकाळी आली आणि आमचं करडं मांजर पाय ओढत जिन्याखाली शिरलं.

मुलगी धावत बाहेर आली. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मांजर तिचं होतं. "काय झालं, बाबा?"

"कुत्र्यानं धरलं गं."

मी ठरवून बोललो नाही. पण बोललो.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी आणि शेळ्यांची रांग होती. डॉक्टरांनी मागचा पाय हलवून पाहिला. पाय कापावा लागेल, नाहीतर सुई देऊन सोडवू, म्हणाले. "मांजरच आहे ना साहेब, दुसरं मिळेल." मुलीनं मांजर टेबलावरून उचललं आणि बाहेर चालू लागली. तिच्या मागून जाताना मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची शरम.

मग दुसऱ्या उपायांचा शोध सुरू झाला. बायकोनं आंबेहळदीचा लेप लावला. मांजरानं तो चाटून टाकला आणि दिवसभर पिवळं तोंड घेऊन आमच्याकडे रागानं बघत बसलं. मग आबिड्सच्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माणसाला विचारावेत तसे प्रश्न विचारले. दुखणं सकाळी वाढतं की संध्याकाळी? एकटं राहायला आवडतं का? राग लवकर येतो का? मुलगी वही घेऊन गेली होती. दोन दिवसांच्या नोंदी तिनं एकेक करून वाचून दाखवल्या.

"आणि लागलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुत्र्यानं धरलं," ती ठामपणे म्हणाली.

माझं खोटं तिच्या तोंडून ऐकताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. गोळ्या मिळाल्या. त्या दुधातून चार दिवस दिल्या. पाय तसाच लोंबत राहिला.

आमच्याकडे रोज सकाळी आम्ही तिघं मिळून पंचशील म्हणतो. वडिलांनी लावलेली सवय. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या आठवड्यात तिथवर आलो की मला खोकला यायचा. तिसऱ्या दिवशी मुलीनं विचारलंच, "बाबा, तुमचा खोकला चौथ्यालाच कसा येतो?" बायको हसली. मी म्हणालो, धूळ फार झालीय. म्हणजे आणखी एक खोटं.

शेवटी ऑफिसातल्या ड्रायव्हरनं सांगितलं, जुन्या शहरात हाडं बसवणारे एक पहिलवान आहेत, माणसांबरोबर बकऱ्याही बघतात. आम्ही दोघं बापलेक मांजराला टोपलीत घालून गेलो. पहिलवान साठीचे, पांढऱ्या दाढीचे. टोपलीत डोकावून म्हणाले, "बिल्ली? बकरी देखा, मुर्गी देखा, बिल्ली पैली बार आई."

मुलीनं मांजराचं डोकं धरलं. पहिलवानांनी दोन बोटांनी पाय वरून खालपर्यंत चाचपला.

"कैसा हुआ?"

"कुत्ता पकड़ा," मी म्हणालो.

त्यांनी केस बाजूला करून पाहिले. "दांत का निशान तो एक बी नहीं." मग हात तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले. "देखो मियां, कुत्ता खींचा होएंगा तो मैं खींच के जोड़ बिठातूं. कुछ के नीचे दबा होएंगा तो खींचना नक्को, जो बचा है वो बी जाता. मेरे को सच बोलो."

त्यांची बोटं पायावर तयार होती. मुलगी माझ्याकडे बघत होती. कुत्र्याचीच गोष्ट धरून राहिलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं, आणि मांजराचा पाय कायमचा गेला असता.

"माझ्या गाडीखाली आलं," मी मराठीतच म्हणालो, तिच्याकडे बघून. "मी मागे बघत नव्हतो. तुला खोटं सांगितलं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. पण मांजरावरचा तिचा हात हलला नाही. "कुठलं चाक?" तिनं विचारलं. "डावं की उजवं? सरळ गेलं की घासून?" मी सांगितलं ते तिनं आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत पहिलवानांना समजावून दिलं.

त्यांनी न ओढता पाय सरळ केला आणि बांबूच्या बारीक कामट्या लावल्या. मग औषधाची पूड अंड्यात कालवता कालवता थांबले. "अंडा लगाया तो ये पट्टी च खा जाती!"

"वरून कारल्याचा रस लावू या," मुलगी म्हणाली. मी ते त्यांना हिंदीत सांगितलं.

पहिलवान खो खो हसले. "ये किसी हकीम की बेटी है क्या?"

"नहीं," मी म्हणालो, "मेरी है."

परतताना गाडीत ती मागच्या सीटवर बसली आणि घरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढचे दोन दिवसही नाही. मी तिला समजावायला गेलो नाही. तो माझा वाटा होता.

तीन आठवड्यांनी पट्टी निघाली. मांजर उभं राहिलं, लंगडत चार पावलं गेलं आणि पहिलवानांच्या बोटाला चावलं. ते खूश झाले. घरी आलो तेव्हा शेजारच्या काकू फाटकापाशी उभ्या होत्या. "बरा झाला बाई पाय! मेल्या त्या कुत्र्यानं काय हाल केले होते!"

"कुत्रा नव्हता, काकू," मुलगी टोपली सावरत म्हणाली. "बाबांच्या गाडीखाली आलं होतं. बाबांनीच सांगितलं, म्हणून पाय वाचला."

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती हे बोलली. या वेळी वरच्या दोन-तीन बाल्कन्यांत माणसं होती. मी मान खाली घातली नाही.