वाटीतून आलेल्या कॅप्सूल

दौलतराव परबांना पंचाहत्तरीतही एकही आजार नव्हता, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत ज्याला त्याला काहीतरी होतं. कुणाला साखर, कुणाला बीपी. दौलतरावांकडे नुसतीच औषधं होती. मुलगा हितेंद्र दुबईहून येताना दर खेपेला ताकदीच्या कॅप्सूलच्या बाटल्या आणायचा, त्या बाटल्यांनीच कपाट भरलं होतं. एवढ्या औषधांना रोगी हवेत, म्हणून दौलतराव गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची जीभ बघू लागले. गिरणीत त्यांनी जन्मभर कामगारांची हजेरी मांडली होती. डॉक्टरकीला तेवढं शिक्षण त्यांना पुरेसं वाटलं. बाटलीवरची 'शंभर टक्के नैसर्गिक' ही मोठी अक्षरं ते चष्म्याशिवाय वाचत. बारीक अक्षरं शंकेखोर माणसांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

समोरच्या खोलीतल्या आनंदीबाई म्हणजे त्यांच्या लाडक्या पेशंट. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागलेली. दौलतरावांची बायको गेल्यापासून बांगड्याच्या तिखल्याची वाटी आनंदीबाईंकडून न चुकता यायची. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही चाळीची रीत. पूर्वी दौलतराव तीत साखर नाहीतर एखादं केळं ठेवत. आता ते माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल ठेवू लागले. मालवणच्या बाईला मासे आणि लसूण कमी पडत असणार, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

वाटीतून आलेलं नाकारायचं नाही, ही आनंदीबाईंची रीत. त्या मुकाट्याने गिळत. तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारत, "दुसरं काही औषध घेता?" त्या "नाय" म्हणत, आणि त्यात त्यांच्या मते काडीचंही खोटं नव्हतं. औषध केमिस्टकडून येतं. शेजाऱ्याच्या वाटीतून येतो तो खाऊ.

मग त्यांच्या दंडावर काळेनिळे डाग उठले. दौलतरावांनी ते गॅलरीच्या उजेडात निरखून पाहिले, "अशक्तपणा, वहिनी," असं निदान केलं आणि वाटीतल्या कॅप्सूल दुप्पट केल्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी आनंदीबाईंच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. सून नूपुर त्यांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेली. मागोमाग दौलतरावही पोचले, खिशात कॅप्सूलची बाटली घेऊन. वहिनींना ताकद यायला नको का?

"रक्त फारच पातळ झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीशिवाय आणखी काय घेतात या? नीट आठवून सांगा, उपचार त्यावर ठरणार आहेत."

"काहीच नाही," नूपुर म्हणाली.

आनंदीबाईंनी नाकावरच्या बोळ्याआडून दौलतरावांकडे पाहिलं आणि मान हलवली. "काय नाय."

त्या आपली अब्रू झाकतायत हे दौलतरावांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरोखर काहीतरी झालं. हात खिशातल्या बाटलीवर गेला. बाटली खिशात राहिली तर चाळीतला मान राहणार होता. वहिनी राहतील की नाही एवढाच काय तो प्रश्न होता. त्यांनी बाटली काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. "मी दिल्या. रोज. मीच."

डॉक्टरीणबाईंनी बारीक अक्षरं वाचली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितली. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आनंदीबाई सुखरूप घरी आल्या. हातापायात जीव येताच त्यांनी तिखलं केलं आणि समोर वाटी धाडली. दौलतरावांनी ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि घासून लख्ख केली. सवयीने कपाट उघडलं, बंद केलं. घरात केळं होतं, पण त्यालाही हात लावायचा धीर होईना. शेवटी ते खाली मान घालून तशीच वाटी घेऊन गेले.

आनंदीबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"भावजी, रिकामी हाडलास? देव पावलो!"