आप्पांच्या कॉम्प्युटरचा मान

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली पोरगी तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या खेड्यात सून म्हणून आली, की तिला पहिला प्रश्न येतो, "भाकरी येती का?" मला भाकरी येत होती. शिवाय नेटवर्क जोडता येत होतं, पण ते कुणी विचारलं नाही. लग्नाआधी मी दौंडला त्याचा कोर्स केला होता आणि दुकानांतून, दवाखान्यांतून केबल ओढत हिंडले होते. सासरी आल्यावर माझी पकड, टेस्टर आणि केबलचं वेटोळं माळ्यावर गेलं. गावात कुणाचं वायफाय रुसलं की मला बोलावणं यायचं. मी ते चालू करायचे, चहा प्यायचे आणि "सूनबाई लई हुशार हाय" एवढं ऐकून घरी यायचे. त्या चहाचा मला अगदी वीट आला होता.

मग गावच्या दूध संस्थेनं नवी इमारत बांधली. माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, तिच्या कमिटीवर. एरवी सुनेच्या कामाबद्दल चकार शब्द न काढणारे आबा मीटिंगमध्ये काय बोलले कोण जाणे, पण कॉम्प्युटर जोडायचं काम त्यांनी मला मिळवून दिलं. कमिटीनं अट घातली. उद्घाटनाच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, तर वर्षभराची देखभाल माझ्याकडे. नाही चाललं, तर पुण्याचा माणूस. मी मनातल्या मनात शिरूरला स्टँडजवळ एक गाळा बघून ठेवला होता. ती देखभाल मिळाली असती तर "माझं काम आहे" असं घरात ठणकावून सांगता आलं असतं, आणि मला ते फार सांगायचं होतं.

नेटवर्क म्हणजे काही गूढ विद्या नाही. यंत्रांना एकमेकांशी बोलायचं असतं, आणि बोलायला पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे लांबलचक आकडे, पण एका इमारतीतल्या यंत्रांत शेवटचा आकडाच काय तो वेगळा. दुधाचं फॅट काढणाऱ्या मशीनला मी अकरा दिला, पावती छापणाऱ्या कॉम्प्युटरला बारा, बाहेर लोकांना भाव दाखवणाऱ्या पडद्याला तेरा आणि चेअरमनच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला चौदा. 'एक' हा आकडा राऊटरचा. इमारतीतून बाहेर, तालुक्याच्या दूध संघाच्या ऑफिसला जे काही जायचं, ते त्याच्यातूनच जातं, आणि तिथून भाव आल्याशिवाय पावती छापत नाही. फोनवर "कुठलं बंद पडलंय?" विचारलं की लोकांना सांगता यावं, म्हणून मी प्रत्येक यंत्रावर त्याच्या आकड्याची चिठ्ठी चिकटवली. राऊटर पार छताजवळ टांगलेला, तिथं कोण मरायला हात लावतंय, म्हणून त्याला लावली नाही.

दुपारपर्यंत सगळं झकास चालू झालं. संस्थेचे सेक्रेटरी, ज्यांना अख्खं गाव भाऊसाहेब म्हणतं, सकाळपासून माझ्या मागं उभं राहून मी कुठं काय दाबते ते बघत होते. चिठ्ठ्या वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, मशीनला अकरा आन् आप्पांना चौदा?"

आप्पा म्हणजे चेअरमन. पोळ्याला वेशीतून पहिला बैल त्यांच्या घरचा निघतो, आणि तो निघाल्याशिवाय दुसऱ्याचा बैल जागचा हलत नाही.

"भाऊसाहेब, ह्या आकड्यांना मानपान नसतो," मी म्हटलं आणि जेवायला घरी गेले.

चार वाजता परत आले तर पूजा उरकलेली. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. मधल्या वेळात लाइट जाऊन आली होती. बाहेर मोटारसायकली आणि किटल्या येऊन लागल्या होत्या. आप्पांनी फीत कापली, पहिल्या किटलीचं दूध मोजलं, फॅट लागलं, आणि पावती काही येईना. पावतीच्या कॉम्प्युटरवर नुसतं चाक फिरत राहिलं.

मी राऊटर बंद करून चालू केला. पावती आली. टाळ्या पडल्या. पुढच्या किटलीला पुन्हा चाक. पुन्हा बंद-चालू केला, पुन्हा एक पावती, पुन्हा चाक. मरायचं तर एकदाचं मरावं ना! असं मधूनच जिवंत होणारं दुखणं सगळ्यात वाईट. मी केबल तपासल्या, टोकं नवी बसवली, वायर उंदरानं कुरतडली की काय म्हणून टेबलाखाली शिरले. उद्घाटनासाठी नेसलेली पैठणी काठासकट धुळीत लोळली.

बाहेर रांग वाढत होती. दूध थांबत नसतं, ते नासतं. कमिटीतल्या एकानं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "पुण्याच्या माणसाला फोन लावा. बायामाणसाचं काम न्हाई हे." दुसऱ्यानं लावलासुद्धा. तो माणूस म्हणे जवळच शिक्रापुरात होता आणि निघालोच म्हणाला. आबा भिंतीला टेकून उभे होते. टोपी काढायचे, झटकायचे आणि परत घालायचे. मला त्या बोलणाऱ्याचा संताप आला होता, पण आबांकडे बघून रडू येत होतं.

रडून केबल जुळत नाही. मी नेटवर्कच्या स्विचपाशी, म्हणजे तारांच्या डबीपाशी गेले. सगळ्या यंत्रांच्या तारा तिथंच एकत्र येतात. एकेक तार उपटायची आणि बघायचं, असं ठरवलं. अकराची काढली, चाक फिरतंच. तेराची काढली, तेच. चौदाची काढली, आणि बाहेर पावत्या खडाखडा पडायला लागल्या.

मी थेट आप्पांच्या खोलीत गेले. आप्पा खुर्चीत, भाऊसाहेब शेजारी. कॉम्प्युटरवरचा हार इतका भरगच्च की खालचं काही दिसत नव्हतं. तो उचलला. माझी चौदाची चिठ्ठी गायब होती. तिच्या जागी नवी चिठ्ठी, सुबक अक्षरात 'एक', आणि त्यावर कुंकवाचं बोट.

"हे कुणी केलं?"

भाऊसाहेबांनी हौसेनं सांगितलं, "म्याच! तुमचं बघून बघून ध्यानात ऱ्हायलं हुतं. आन् एक नंबर रिकामाच हुता की. समदी यंत्रं फिरून बघितली, कुणावरबी एकची चिठ्ठी न्हवती."

आकडा बदलला तेव्हा लाइट गेलेली, राऊटर झोपलेला, आप्पांचा कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालू. त्यामुळे हा पत्ता दुसऱ्याचा आहे, अशी कॉम्प्युटरनंही कुरकूर केली नाही. लाइट आली तसा राऊटर जागा झाला, आणि इमारतीत एका पत्त्यावर दोघं झाले. संघाकडे निघालेला निरोप कधी राऊटरकडे जायचा, कधी आप्पांकडे.

एव्हाना सगळी कमिटी दारात गोळा झाली होती. आप्पांना सगळ्यांसमोर मागं सरकवायचं म्हणजे देखभालीवर पाणी सोडायचं, हे मला समजत होतं. पण माझी जीभ माझं कधी ऐकते?

"आप्पा, एक नंबर म्हणजे गावाची वेस. बाहेर जायचं तर सगळ्यांनी तिथूनच जायचं. भाऊसाहेबांनी तुमचा पलंग नेऊन वेशीत टाकलाय. गाड्या जाणार कुठून?"

आबांनी डोळे मिटले. आप्पांनी आधी चिठ्ठीकडे बघितलं, मग भाऊसाहेबांकडे.

"मी कवा म्हनलो रं, मला एक नंबर पायजे म्हनून?" आणि मग पोट धरून हसले. "सूनबाई, उचला पलंग! लोकं दूध घिऊन उभी हायती."

"मग चौदा तरी नको," भाऊसाहेब अजून हटेनात. "दोन द्या."

"शेवटचा नंबर कितीचा असतोय?" आप्पांनी मला विचारलं.

"दोनशे चोपन्न."

"त्यो लावा मला. घरधनी शेवटच्या पंगतीला बसतोय. एवढी रीत कळती मला."

मी आकडा घातला आणि तार जोडली. पावत्या थांबल्या नाहीत. रांग भराभरा पुढं सरकली, आणि मघाशी बायामाणसाचं काम काढणारा स्वतःची किटली घेऊन गुपचूप त्या रांगेत उभा राहिला. आप्पा म्हणाले, "त्या शिक्रापूरवाल्याला कळवा, येऊ नगं म्हनावं. देखभाल ठरल्याप्रमाणं हिच्याकडंच."

बाहेर पेंटर भिंतीवर शेवटची ओळ रंगवत होता, 'मशीन बंद पडल्यास फोन करा'. पुढं नंबर घालायचा होता. भाऊसाहेब खिशातून मोबाईल काढून आबांचा नंबर वाचायला लागले. गावात सुनेचा नंबर भिंतीवर कोण लिहितं?

"माझा कशाला?" आबा म्हणाले. "मला काय त्यातलं कळतंय? तिचा लिव्ह."

पेंटर ब्रश बुडवून माझ्याकडे बघत थांबला. आणि मला माझाच नंबर धड सांगता येईना.