वैनगंगेची वाम आणि आमचं समुद्र-संशोधन

शोधनिबंधात आकडे जातात, किस्से मागे राहतात. माझ्या फील्डबुकांची मागची पानं अशीच भरत गेली. आता पुढची पानं उघडली तर मलाच काही कळत नाही, मागची मात्र पाठ आहेत!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी विद्यापीठात प्राणिशास्त्राचा असिस्टंट होतो. आमच्या सरांचा विषय समुद्र. त्यांचं म्हणणं असं, की समुद्र निरोगी ठेवायचा तर आधी त्याच्या नद्या तपासा. म्हणून आम्ही कुठे जाऊन बसलो? चांदा जिल्ह्यात, वैनगंगेकाठी, मार्कंड्याला. समुद्र तिथून शेकडो मैल!

*

पेट्यांवर मी झोकात लिहिलं होतं, 'समुद्र संशोधन, चांदा'. आम्ही पोचलो, पण पेट्या काही येईनात. बाटल्या, जाळी, सगळं त्यांत. तीन आठवड्यांनी आल्या, त्या मुंबईचे शिक्के मिरवत! वाटेतल्या कुण्या पार्सलबाबूला वाटलं, चांद्यात कसला समुद्र? लिहिणाराच चुकला असेल. दिल्या त्यानं मुंबईला धाडून.

सर शिक्के निरखत म्हणाले, "आपल्या आधी आपल्या पेट्या समुद्र बघून आल्या!"

*

आम्हाला डोंग्यातून फिरवायचे सोनबाभाऊ. जातीचे ढिवर, म्हणजे नदीतले मासेमार, साठीला आलेले, हाताला मासा लागला की न बघता नाव सांगणारे. सरांनी त्यांना एकदा समजावलं, की वाम मासा नदीत वाढतो, पण अंडी घालायला थेट समुद्रात जातो.

सोनबाभाऊंनी वल्हं थांबवलं. "तुमी पाह्यलं का, साहेब?"

"नाही."

"मंग कोनं पाह्यलं?"

"अजून कोणीच नाही."

"मंग तुमाले सांगतलं कोनं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं पाह्यलं?"

डोंगा तोवर वाहत वाहत अर्धा मैल खाली गेला होता!

*

पावसाळ्यात रोज नदीचं पाणी बाटल्यांत भरून ओसरीवर ठेवायचो. गाळ खाली बसला की तो मोजायचा. जंगलाची माती किती वाहून समुद्रात जाते, ते त्यावरून कळणार होतं.

एका आठवड्यात नदीला लालभडक पूर आणि बाटल्यांत गाळाचा कणही नाही! सर हैराण. उपकरणं तपासली, मला तपासलं, शेवटी स्वतःचा चष्मा बदलून पाहिला.

आमचा स्वयंपाक सोनबाभाऊंच्या घरच्या लक्ष्मीबाई करायच्या. त्या सहज बोलून गेल्या, "साहेब रोज गढूळच पानी भरून ठेवते. कसं पेतीन बापा? मीच तुरटी फिरवतो, निवळ तेवढं ठेवतो, गाळ फेकून देतो."

*

मग आला विभागप्रमुखांचा कागद. समुद्राची माणसं जंगलात काय करतात? हंगाम संपायच्या आत ठोस काही दाखवा, नाहीतर परत या.

आमचा सगळा भरवसा बिल्ल्यांवर होता. पकडलेल्या वामीला नंबराचा छोटा चांदीचा बिल्ला अडकवून आम्ही सोडून द्यायचो. खाली कुठे ती सापडली, की ढिवरांनी बिल्ला आणून द्यायचा. तशी दवंडीही दिली होती.

एकही बिल्ला येईना. सरांची झोप उडाली. वामी जातात तरी कुठे? शेवटी सोनबाभाऊच डोंगा घेऊन खालच्या गावांत चौकशीला गेले. चार दिवसांनी आले ते खुशीत.

"साहेब, समद्या सापडल्या होत्या!"

"मग बिल्ले?"

"चांदी घातलेली वाम मार्कंडदेवाची आहे म्हनते लोक. हळदकुंकू लावते, हात जोडते, अन् सोडून देते. एक बी मेली नाई!"

आमचं संशोधन बुडालं, वामी तेवढ्या तरल्या.

*

काम बंद करण्याआधी सरांनी एक शेवटची फेरी काढली. वैनगंगेचं पाणी घेऊन गोदावरी समुद्राला मिळते तिथे जाऊन कोळ्यांच्या जाळ्यांत आपली एखादी बिल्लेवाली वाम दिसते का, ते पाहायचं. वाम ओळखायला सोनबाभाऊंना बरोबर घेतलं. बल्लारशाहून गाडी पकडली.

आठ दिवस रोज जाळी पाहिली. आमची एकही वाम नव्हती. सोनबाभाऊ मात्र वाळूवर पसरलेली माशांची बोटभर पिल्लं पाहून अस्वस्थ होत होते. शेवटच्या दिवशी ते घोटाभर पाण्यात उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि विचारलं, "साहेब, हे पानी कोन्या गावाचं?"

सर हसले. "कुठल्याच गावाचं नाही, भाऊ. समुद्र सगळ्यांचा."

"तसं नाई. आमच्या इथी एकेक डोह एकेका गावाचा राह्यते. मासा अंड्यावर आला का ते गाव तिथी कोनालेच जाळं टाकू देत नाई. म्हनून इचारतो, याले राखते कोन?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी समुद्राकडे.