पडद्याची दोरी

कपाटकाका कुठल्याच ग्रुपवर नव्हते. आल्मेरे या डच शहरातल्या मराठी माणसाला फोनवरच्या ग्रुपवाचून कढीपत्ताही मिळत नाही, तिथे हे गृहस्थ निवांत. त्यांना निरोप द्यायचा तर ईमेल करा, नाहीतर सायकल काढून त्यांच्या दारात जा. आमची घरं एकाच रांगेत, त्यामुळे इथल्या मराठी मंडळाचे निरोप पोचवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. "वैशाली, तुझ्या त्या काकांना सांग गं, हळदीकुंकू शनिवारी आहे." जसे काही ते माझ्या माहेरचेच.

कपाटकाका हे नाव पोरांनी पाडलेलं. इथल्या घरांत दार उघडलं की लगेच वीज-गॅसच्या मीटरचं अरुंद कपाट असतं. लोक त्यात झाडू आणि छत्र्या कोंबतात. काकांनी त्यात सर्व्हर ठेवला होता, म्हणजे ऑफिसने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर. त्यांची ईमेल, घरचे फोटो, सगळं त्यातच. कोणी चहाला आलं की देवघर दाखवावं तसं काका कपाट उघडून दाखवायचे. आतून काकू म्हणायच्या, "अहो, त्यांना आधी चपला तर काढू द्या."

लोक त्यांची चेष्टा करायचे. "काका, आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? हे डच लोक बघा, रस्त्यावरून त्यांचा दिवाणखाना दिसतो, पडदासुद्धा ओढत नाहीत." काका शांतपणे म्हणायचे, "ओढत नाहीत, पण पडद्याची दोरी त्यांच्या हातात आहे ना? तुमची कोणाच्या हातात आहे, तेवढं बघा." समोरचा हसायचा आणि फोनवर नवीन अॅप उतरवून घ्यायचा.

कपाटात चालणारं सगळं सॉफ्टवेअर मुक्त होतं. कोणीही उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. काका म्हणायचे, "तू पुरणपोळी करतेस तर कृती विचारली की सांगतेस ना? तसंच आहे हे. जो कृती सांगत नाही आणि पोळी मात्र फुकट वाढतो, त्याच्याकडे जेवताना जरा जपून." सर्व्हर कसा चालवायचा हे शिकवायला त्यांनी एका रविवारी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं. मंडळात अर्धे लोक आयटीतले, स्लोटरडाइकच्या काचेच्या इमारतींत बसून बँकांचे सर्व्हर सांभाळणारे. दोघे आले. काकूंची कांदाभजी खाल्ली, "छान आहे हं काका" म्हणाले आणि गेले.

मग तो रोग आला. विमानं बंद झाली आणि त्याच वसंतात नाशिकला माझे बाबा गेले. मला जाता येईना. दादा म्हणाला, स्मशानात मोजकीच माणसं सोडतायत, तुला फोनवर दाखवतो. मी रडत काकांच्या दारात उभी राहिले. त्यांनी आत यायला सांगितलं नाही, तसा नियमच होता; उंबऱ्यावरूनच म्हणाले, "तासाभरात करतो." दादाला एक दुवा गेला. नाव नाही, खातं नाही, नुसतं दाबायचं. मी माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बाबांना शेवटचं पाहिलं.

संध्याकाळी काका खिडकीशी आले. "मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले, "यंत्र चालू आहे ना, एवढंच बघत होतो. रेकॉर्ड झालंय. तू म्हणशील तर ठेवतो, म्हणशील तर पुसतो." मी म्हटलं, पुसा. बाबांना साधा फोटो काढून घ्यायलाही संकोच वाटायचा. दुसऱ्या दिवशी काका परत आले आणि म्हणाले, "पुसलं गं. कुठेही उरलेलं नाही." हा माणूस हे सांगायला पावसात चालत आला होता. आमच्या रांगेत त्या वर्षी असे निरोप आणखीही घरांना आले, आणि प्रत्येकाने त्या कपाटातून आपलं माणूस पाहिलं. तेव्हा कोणी चेष्टा केली नाही.

पण गणपतीत मंडळाची आरतीही त्याच कपाटातून दाखवली, आणि ऐन मध्यात चित्र अडकलं. खूप लोक एकदम आले, जुनं यंत्र दमलं. अध्यक्षांचं तोंड उघडं आणि हातात तबक, तसेच ते पडद्यावर थिजून राहिले. झालं. पुढच्या सभेत ठराव: मंडळाचं सगळं एका मोठ्या फुकट अॅपवर न्यायचं. अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमची तळमळ कळते हो, पण लोकांना सोय हवी." काका म्हणाले, "फुकट वाढतायत, तर त्यांचं पोट कशावर भरतं एवढं विचारून घ्या." कोणी विचारलं नाही. ज्यांनी त्याच कपाटातून आपल्या आईला निरोप दिला होता, त्यांनीही हात वर केले. मला अजून त्या हातांचा राग येतो.

दुसऱ्या हिवाळ्यात काकांना धाप लागली. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, तपासून लगेच इस्पितळात पाठवलं, आणि ते परत आलेच नाहीत. काकूही तापाने घरात अडकलेल्या. त्यांना निरोपाला जाता येईना. त्यांनी मला फोन केला. "मला आणि नागपूरच्या भावोजींना बघायचंय. बाकी कोणी नको गं. ह्यांच्या कपाटातून करा ना." मी तसंच्या तसं अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "वैशालीताई, ते डबडं ऐन वेळी बंद पडलं तर? आपण आपल्या अॅपवरून करू. काकांसाठी एवढं तर केलंच पाहिजे." आणि खरंच, खूप प्रेमाने केलं सगळं. झेंडूची फुलं कुठून मिळवली देव जाणे. अंत्यविधीच्या सभागृहात पुढच्या रांगेत तीन पायांच्या स्टँडवर फोन, काकांच्या चेहऱ्यावर रोखलेला.

दोन दिवसांनी काकूंना नागपूरहून जाऊबाईंचा फोन आला. मी दाराबाहेर डबा घेऊन उभी होते, फोन स्पीकरवर होता. "सगळं नीट दिसलं हो. सुरुवातीला गादीची जाहिरात लागली, ती सोडून दिली. आमच्या सोसायटीतही सगळ्यांनी पाहिलं." काकूंनी डबा घेतला आणि दार लावलं.

मी अध्यक्षांना धरलं. म्हटलं, अॅपवरचं ते चित्रण आधी काढा. ते दुखावले. "अहो, खाली किती छान लिहिलंय लोकांनी. काढायचं कशाला?" मी मग तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्यांनी काढलं. तोवर कोणीतरी ते उतरवून घेतलं होतं, त्याला बासरी लावली होती, आणि आपल्या खात्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणून चढवलं होतं. तो कोण, ते कळलं नाही. कंपनीला लिहिलं, तर यंत्राने उत्तर दिलं की यात त्यांना काही गैर आढळत नाही.

काकू मुलीकडे झूटरमेरला गेल्या. जाताना कपाट उघडून म्हणाल्या, "तूच बंद कर, माझा हात होत नाही." मी तार काढली. नवीन भाडेकरूंनी तिथे झाडू ठेवलाय.

माझ्या बाबांचा शेवटचा निरोप आता कुठेही नाही. काकांनी दिलेला शब्द पाळला. काकांचा निरोप मात्र त्यांचं नाव घालून शोधलं की कोणालाही सापडतो. आधी जाहिरात बघावी लागते.