बाबांना साग दाखवायला कापलेली जीप

धडधाकट जीपच्या पत्र्यावर कोणी हौसेनं ग्राइंडर फिरवत नाही. मी फिरवला. बाबा वनरक्षक होते. मी दुसरीत असताना त्यांनी झरी जामणीच्या जंगलात मजुरांसोबत स्वतः सागाचं रोपवन लावलं होतं. तीन वर्षांपासून मणक्यानं त्यांना आडवं केलंय, बसता येत नाही. ते साग उभे आहेत की तोडले गेले, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं, हा त्यांचा एकच हट्ट. तिथवर साधी गाडी जात नाही, आणि माझ्या जीपची मागची बाजू तर पत्र्यानं पूर्ण बंद.

मग नेरला आमच्या अंगणात, वेल्डर फारुखभाईंना घेऊन, दोन्ही बाजूंना वर उचलायच्या खिडक्या केल्या. कोणाला करायच्या असतील तर ऐका: कापायच्या आधी आतून चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करा, नाहीतर पत्रा लचकतो. बिजागरी वरच्या कडेला, पूर्ण लांबीची. खिडकीची झाप, म्हणजे कापलेला पत्रा, वर धरून ठेवायला मी भंगारातून एका मोठ्या गाडीच्या डिकीचे गॅसचे दांडे आणले, तर त्यांच्या जोरानं झापच वाकली. लहान गाडीचे लावल्यावर जमलं. कापलेल्या कडेला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड आणि वरून रबर लावायला विसरू नका.

बाबांना आत गादीवर निजवलं आणि मोठ्या ऐटीत खिडकी उचलली.

"दिसते का, बाबा?"

"दिसते ना. आभाय दिसते."

मी शहाण्यानं माप बसून घेतलं होतं, निजून नाही! फारुखभाई पोट धरून हसले. मग गादीखाली फळ्यांचा उंच ओटा ठोकला.

डिसेंबरातल्या एका सकाळी निघालो. मी चालवायला, माझी बायको वैशाली मागे बाबांजवळ. यवतमाळ, पांढरकवडा करत जायचं. रस्ता बरा आहे, पण बाबांना धक्का बसू नये म्हणून मी बैलगाडीच्या चालीनं नेत होतो. चालताना खिडक्या बंदच ठेवा, मागची धूळ आत ओढली जाते. पांढरकवड्याच्या पुढे भाकर आणि वांग्याची भाजी खायला थांबलो आणि बाबांना वारा लागावा म्हणून झाप वर केली. दोन मिनिटांत एक बाई पिशवी घेऊन हजर, तिला ती भाजीची गाडी वाटली.

"काय काय हाये भाऊ?"

आतून बाबा म्हणाले, "म्हातारा हाये एक. नेता का?"

"घरी हाये एक," म्हणत ती हसत निघून गेली. बाबांना इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मुक्काम मुकुटबनला वैशालीच्या मावशीकडे केला. सकाळी जंगलाकडे वळलो. वनखात्याची परवानगी आधीच काढली होती, तुम्हीही काढा. वाटेतल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, आत्रामकाका भेटले. रोपवनाच्या वेळी ते बाबांसोबत खड्डे खणायला होते. त्यांनी खिडकीत डोकं घातलं, बाबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्या शेजारी बसून वाट दाखवू लागले. पुढची वाट म्हणजे नुसते दगड आणि नाले, फोर बाय फोरशिवाय जाऊ नका.

जीप थांबली. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते.

"उभे हायेत का? आधी तू पाह्य."

मी पाहिलं. टेकडीभर साग. सरळसोट, रांगेत, विजेच्या खांबांपेक्षा उंच. मधली काही झाडं विरळणीत, बाकीच्यांना वाढायला जागा व्हावी म्हणून, तोडलेली, बाकी सगळी जागच्या जागी. ताटाएवढ्या पानांतून ऊन खाली उतरत होतं. बाबांची नोकरी म्हणजे खाकी कपडे आणि बदल्या, एवढंच मला ठाऊक होतं. या माणसानं टेकडी उभी केली होती आणि मी तीस वर्षं त्यांना साधं विचारलंही नव्हतं.

आत्रामकाकांनीच झाप उचलली. "उघडा डोये, साहेब."

बाबा पाहत राहिले. मग म्हणाले, "अंगठ्याएवढे होते रे. जीप लाव त्याले."

मी जीप एका खोडाला खेटवली. बाबांनी कुशीवर होऊन खिडकीतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि सालीवर तळवा ठेवला. "माहा होय हा," ते म्हणाले. वैशाली रडत होती. मीही रडलो, लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. बाबांना अजून जीपमध्येच ठेवून मी त्यांच्या खाटेवरची चादर बदलली आणि दमलो होतो म्हणून तिथेच पडलो. सहज खिडकीकडे पाहिलं. भिंत, गज आणि आभाळाचा एक तुकडा. अंगण नाही, रस्ता नाही, माणूस नाही. तीन वर्षं बाबा हेच बघत होते, आणि मी त्यांच्या उशीवर एकदाही डोकं ठेवून पाहिलं नव्हतं.

उठलो आणि विटा शोधायला गेलो. खाटेच्या पायांखाली त्या रचेपर्यंत बाबांना आत आणलं नाही.